धर्ममार्तंडांसाठी दोन मापे नकोत

महोदय,

आपल्याकडील डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांना एक सवय इतकी जडली आहे की ती आता कोणाला खटकतही नाही. हिंदू धर्ममार्तंडांवर जी टीका व्यासपीठावरून निःसंकोच केली जाते, तीच टीका मुस्लिम (त्यांच्यातील बोहरा या शिया पंथाच्याही) किंवा ख्रिस्ती धर्ममार्तंडांवर करण्याची वेळ आली की ‘सध्याची परिस्थिती पाहता’ असे म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. मी या चळवळीचा जुना हितचिंतक आहे. हीच तक्रार उजव्या बाकांवरून रोज होते आणि तेथे ती बहुधा कळवळ्यापोटी नसते, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्याने ती खोटी ठरत नाही.

येथे आधी एक भेद करायला हवा. एकादशी करणारी वारकरी स्त्री, पाच वेळा नमाज पढणारा कारागीर किंवा उपासकाळात मांसाहार सोडणारे वसईचे ख्रिस्ती कुटुंब यांच्याशी डाव्यांचे काही भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते श्रद्धेच्या नावाखाली दुसऱ्याच्या लग्नावर, वारशावर, पोशाखावर आणि बहिष्काराच्या धाकाने त्याच्या रोजच्या जगण्यावर हुकमत गाजवणाऱ्यांशी. पुरोगामी मंडळी बहुसंख्याकांमधील साध्या भाविकांची विनाकारण टिंगल करतात आणि अल्पसंख्याकांमधील हुकमत गाजवणाऱ्यांनाच त्या समाजाचे प्रतिनिधी मानून सभेत पुढच्या रांगेत बसवतात. दोन्हीकडे गफलत एकच आहे: माणसे दिसत नाहीत, फक्त समाज दिसतो.

धर्मसत्तांना मात्र आपले हितसंबंध नेमके कळतात. केरळमधील पहिल्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध १९५९ साली कॅथलिक चर्च, नायर समाजाची संघटना आणि मुस्लिम लीग एकत्र उभे राहिले आणि ३१ जुलैला ते सरकार बरखास्त झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, तेव्हा त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, ख्रिस्ती संघटना होत्या आणि अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. एरवी एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे तेथे एका रांगेत होते. त्यांना एकमेकांतील साम्य दिसते, मग ते डाव्यांनाच का दिसू नये?

महाराष्ट्राला तर याचा धडा फार पूर्वी घरीच मिळाला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. सात हा आकडा आज किरकोळ वाटेल, परंतु आपल्या मोहल्ल्यात परत जाऊन राहायचे असताना त्या सातजणींनी काय पणाला लावले असेल याची कल्पना करून पाहावी. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या नावातच दलवाईंनी आपला वारसा जोतीराव फुले यांच्याशी जोडला. जो समाजवादी परिवार फुल्यांना आपले मानतो, त्याच्यातील अनेकांना दलवाई मात्र अडचणीचे वाटत राहिले. दलवाईंनी हिंदू जातीयवादावरही तितकीच कठोर टीका केली होती, हे सोयीस्करपणे विसरले गेले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अल्पसंख्याकांच्या धर्मनेत्यांवर टीका केल्याने हिंदुत्ववाद्यांच्या हाती कोलीत मिळते. अनुभव उलटा आहे. शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फिरवणारा कायदा राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये केला, आणि त्याच वर्षी अयोध्येतील बाबरी मशिदीचे कुलूपही हिंदूंच्या पूजेसाठी उघडले गेले. एका बाजूच्या कर्मठांना दिलेल्या सवलतीची भरपाई दुसऱ्या बाजूच्या कर्मठांना सवलत देऊन झाली. तेव्हा मार्क्सवादी पक्षाने त्या विधेयकाला संसदेत विरोध केला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. केरळमध्ये मुस्लिम लीगशी युती करावी असा आग्रह धरणारे त्या पक्षाचे नेते एम. व्ही. राघवन पक्षाबाहेर गेले आणि १९८७ ची निवडणूक डाव्या आघाडीने लीगला सोबत न घेता जिंकली. तत्त्व पाळल्याने मते जातातच असे नाही. अर्थात कधी जातातही: केरळमधील शबरीमला मंदिर सर्व वयाच्या स्त्रियांना खुले करणाऱ्या २०१८ च्या निकालाची बाजू घेणाऱ्या त्याच आघाडीला पुढच्या वर्षी लोकसभेच्या वीसपैकी एकच जागा मिळाली, आणि नंतर तिचा सूर बराच मवाळ झाला.

एक माप म्हणजे सर्वांना सारखेच झोडपणे नव्हे. ज्याच्या घरावर जमाव चालून येतो किंवा ज्याला धर्मामुळे भाड्याने खोली मिळत नाही, तो कितीही कर्मठ असला तरी त्याच्या दारात डाव्यांनी उभे राहिलेच पाहिजे. उडुपीच्या विद्यार्थिनींना २०२२ मध्ये हिजाबमुळे वर्गाबाहेर ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या शिक्षणासाठी भांडणे योग्यच होते. परंतु ज्या मुलीला हिजाब नको आहे आणि घरच्यांच्या धाकाने घालावा लागतो, तिच्यासाठीही कोणी बोलायला हवे होते, आणि ते बोलणे आपण सरकारी बंदीच्या समर्थकांवर सोडून दिले.

आज तातडीचा प्रश्न बहिष्काराचा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी घातली. बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तेव्हा सरन्यायाधीश सिन्हा एकटेच विरोधात होते. सुधारक असगर अली इंजिनियर यांना तो बहिष्कार प्रत्यक्ष भोगावा लागला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) त्याचा चांगला उपयोग करून घेतला. १९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला. जातपंचायतीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या राज्यातील डाव्या पक्षांनी बहिष्कृत बोहरा कुटुंबांच्या बाजूनेही आपली भूमिका लेखी आणि जाहीर करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर