आपल्या रोलप्लेइंग गेमच्या (प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन टेबलावर खेळायची गोष्ट) नवीन कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेच्या, आधी सगळ्यांनी वाचा

मंडळी, पहिल्या खेळाआधी सेशन झीरो ठेवतोय, त्यात फासे टाकायचे नाहीत, कोणाला काय खेळायला आवडतं तेवढंच बोलायचं. कोणाला मारामारी हवी असते, कोणाला कॅरेक्टरच्या आवाजात गप्पा, कोणाला नुसती कोडी, आणि हे सगळं एका टेबलावर मस्त जमतं, फक्त दुसऱ्याचा टर्न खाऊ नका. रोग (rogue, म्हणजे चोराचं कॅरेक्टर) खेळणारा कुलूप उघडत असताना "अरे आधी ट्रॅप बघ ना" असं मधेच सांगू नका प्लीज, त्याचं त्याला ठरवू द्या. आणि "माझं कॅरेक्टर असंच आहे" म्हणत पार्टीतल्याच (आपल्याच कॅरेक्टर्सच्या टोळीतल्या) कोणाचं सोनं ढापणं बंद, आधी त्या प्लेयरला विचारा. एक्स कार्ड (X लिहिलेलं कार्ड, नकोसा प्रसंग थांबवायला) टेबलाच्या मधोमध असेल, कोणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. येणाऱ्यांनी ग्रुपवर कळवा.