पर्लमधील अर्ग्युमेंट म्हणजे प्रत नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची ओळख करून देणाऱ्या लेखात 'सबरुटीनला व्हेरिएबलच्या प्रती दिल्या जातात' असे वाक्य आहे (सबरुटीन म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायचा प्रोग्रामचा तुकडा, व्हेरिएबल म्हणजे मूल्य साठवणारे नाव). ते चूक आहे, आणि नवशिक्यांना महागात पडेल असे आहे.

पर्लमध्ये सबरुटीनला दिलेली सगळी मूल्ये, म्हणजे अर्ग्युमेंट, @_ या एकाच ॲरेत (क्रमवार यादीत) येऊन पडतात. त्यातला प्रत्येक घटक म्हणजे बाहेरच्या व्हेरिएबलचेच दुसरे नाव. आत जीएसटी लावण्यासाठी पहिल्या घटकाला, म्हणजे $_[0] ला, १.१८ ने गुणले, की बाहेर $रक्कम मधले १००० रुपये ११८० होऊन बसतात. तेच सबरुटीन पुन्हा चालवले की १३९२.४०. करावर कर! आणि व्हेरिएबलऐवजी थेट १००० हा आकडा दिला असेल, तर 'हे मूल्य फक्त वाचण्यापुरते आहे' अशा अर्थाची तक्रार करून प्रोग्राम तिथेच बंद पडतो. प्रत होते ती 'माय ($रक्कम, $दर) = @_;' ही ओळ लिहिल्यावर (माय म्हणजे my, नवे व्हेरिएबल घोषित करणारा शब्द). म्हणजे प्रत आपण करून घ्यायची असते, भाषा ती आयती देत नाही.

या ओळीतला कंस मात्र जिवापाड जपावा. 'माय $रक्कम = @_;' असे लिहिले तर रक्कम येत नाही, अर्ग्युमेंट किती आहेत तो आकडा येतो. कसलीही एरर नाही, इशारा नाही, हिशेब तेवढा चुकतो. 'माय $रक्कम = शिफ्ट;' लिहिल्यास हा घोळ टळतो, कारण शिफ्ट @_ मधला पहिला घटक काढून हातात देते.

दोन ॲरे एकदम पाठवले तर त्यांची एकच सलग यादी होते. आत पहिला ॲरे सगळे गिळतो, दुसरा रिकामा राहतो. म्हणून \@यादी असा रेफरन्स, म्हणजे ॲरेचा जणू पत्ता, पाठवायचा.

लेखात सिग्नेचरचा, म्हणजे सबरुटीनच्या नावापुढे कंसात पॅरामीटर (अर्ग्युमेंट स्वीकारणारी नावे) लिहिण्याच्या सोयीचा, उल्लेखच नाही, याचे अधिक आश्चर्य वाटले. २०१४ साली ५.२० आवृत्तीत ती प्रायोगिक म्हणून आली आणि २०२२ च्या ५.३६ मध्ये पक्की झाली. 'यूज व्ही५.३६;' एवढ्या ओळीने ती सुरू होते. पॅरामीटरची नावे कंसात लिहिली की तिथे खरोखरच प्रती मिळतात (लेखकाचे विधान इथे शोभले असते!) आणि अर्ग्युमेंट कमीजास्त झाल्यास प्रोग्राम चालताना लगेच थांबतो. अर्थात मोजणी होते ती संख्येची. रकमेच्या जागी नाव पाठवले तर सिग्नेचर हू की चू करत नाही.

जुन्या फाइलीत 'यूज व्ही५.३६;' ही ओळ घालण्याआधी प्रोटोटाइपचे (कोणत्या प्रकारची किती अर्ग्युमेंट द्यायची हे सांगणाऱ्या खुणांचे) कंस शोधावेत. सिग्नेचर सुरू असताना ($$) लिहिलेली फाइल कंपाइलच होत नाही. ($) मात्र एका निनावी पॅरामीटरची सिग्नेचर म्हणून खपून जाते आणि प्रोटोटाइपचा परिणाम नाहीसा होतो. असे कंस :प्रोटोटाइप($$) या रूपात बदलून घ्यावेत.

आपला,
एक संगणक-शिक्षक, नाशिक