गटार नाही म्हणून तपासणी नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात, कोरोनात पुण्यातही सांडपाण्याचे सॅम्पल तपासले. चांगलंच आहे ते, कारण माणूस दवाखान्यात जायच्या आधीच विषाणू संडासातून गटारात पोचलेला असतो आणि एका बाटलीत अख्ख्या वस्तीचा अंदाज येतो. पण हे सगळं ड्रेनेज लाइन असलेल्या शहरापुरतंच. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या गावात घरोघरी शोषखड्डा नाहीतर सेफ्टी टाकी (सेप्टिक कोणी म्हणत नाही), मोरीचं पाणी उघड्या गटारीतनं थेट ओढ्याला, मग सॅम्पल घेणार कुठून? गेल्या पावसाळ्यात आळीत जुलाबाची साथ आली तर पहिलं कळलं मेडिकलवाल्याला, ओआरएसची पाकिटं संपली म्हणून! आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, दूषित पाण्यातल्या जंतूंनंतरही होऊ शकणारा हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट वाढले तेव्हाही आधी पेशंट, मग पाण्याची तपासणी. टाक्या उपसणारा टँकर येतोच की गावात, एसटी स्टँडचं संडास आहे, आश्रमशाळेची टाकी आहे, तिथलं सॅम्पल महिन्यातनं दोनदा घेऊन जिल्ह्याच्या लॅबला पाठवायला काय हरकत आहे?

– एक वाचक, ता. जुन्नर