टीबीच्या गोळीची बातमी देताना ती गोळी काय करते तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बेडाक्विलीन या टीबीच्या गोळीबद्दल अधूनमधून बातम्या येतात आणि मी त्या सगळ्या वाचते. २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट लांबवायचा कंपनीचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा किमतीवर सगळीकडे छापून आलं, नंतर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं ही गोळी धरून चार औषधांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला मंजुरी दिली तेव्हाही आलं, आधी काही पेशंटना वीस वीस महिने औषधं खावी लागायची त्यामुळे बातमी मोठीच होती. पण गोळी आत जाऊन करते काय, हे मात्र "जंतूंचा नाश करते" एवढ्या एका ओळीत उरकलं जातं, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवडा झाला नाही तोच तो म्हणायला लागला की मॅडम काहीच फरक नाही, हे औषध मला लागू पडत नाही वाटतं. त्याला डोस चुकवू नको एवढं सगळ्यांनी सांगितलं होतं, कारण कोणी सांगितलं नव्हतं. कारण सांगायचं तर जंतूच्या पेशीतल्या एका मशीनपासून सुरुवात करावी लागते, आणि ते मशीन इतकं सुंदर आहे की त्यावर पान भरून लिहिलं तरी वाचक वाचतील याची मला खात्री आहे.

त्या मशीनचं नाव एटीपी सिंथेस, पेशीचं इंधन म्हणजे एटीपी ते बनवतं. उंची साधारण २० नॅनोमीटर, सगळं प्रथिनांचं बनलेलं, आणि ते खरोखर गोल फिरतं. पेशीतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भार असलेले कण, साठवलेले असतात, ते दुसऱ्या बाजूला यायला बघतात आणि येताना पडद्यात बसवलेलं एक चाक फिरवतात, कोयनेला पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं तसंच. चाकाला जोडलेला दांडा वरच्या डोक्यात फिरतो, त्या डोक्यात तीन जागा असतात, दांडा फिरेल तसा प्रत्येक जागेचा आकार पाळीपाळीनं बदलतो, एकीत कच्चा माल शिरतो, दुसरीत तो जोडला जातो, तिसरीतून तयार एटीपी बाहेर पडतो. पूर्ण एका फेरीत ३ एटीपी. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांमधल्या (मायटोकाँड्रियामधल्या) चाकाला ८ भाग असतात, टीबीच्या जंतूच्या चाकाला ९. आपल्या शरीरात एका वेळी एटीपी असतो जेमतेम पन्नास ते शंभर ग्रॅम, पण दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी वापरतो, म्हणजे तेच रेणू पुन्हा पुन्हा या मोटारीतून भरून निघतात. बारावीच्या मुलांना हे सांगितलं की वर्ग गप्प होतो.

हे फिरणं ही नुसती कल्पना राहिलेली नाही. पॉल बॉयर यांनी तीन जागांची पाळी मांडली, जॉन वॉकर यांच्या गटानं १९९४ मध्ये केंब्रिजला गायीच्या हृदयातून काढलेल्या या प्रथिनाची रचना दाखवली, आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा धागा चिकटवून तो मायक्रोस्कोपखाली गरगर फिरताना प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं.

आता गोळीकडे येते. बेडाक्विलीन जंतूच्या त्या चाकावर, जिथं प्रोटॉन येऊन बसतो बरोबर तिथंच जाऊन बसतं आणि चाक अडतं. माणसाच्या मोटारीवर त्याचा परिणाम फारच कमी होतो म्हणून ते औषध म्हणून चालतं. मोटार थांबली तरी जंतू त्याच क्षणी मरत नाही, तो दुसऱ्या वाटांनी थोडा एटीपी बनवत राहतो, तग धरतो, प्रयोगशाळेत सुद्धा पहिले काही दिवस जंतूंची वाढ फक्त थांबलेली दिसते आणि मरायला ते नंतर लागतात. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. उलट जे जंतू वाढायचे थांबून नुसते सुस्त पडून राहतात, ज्यांच्यामुळे टीबीचा कोर्स इतका लांबतो, त्यांनाही जिवंत राहायला थोडा तरी एटीपी लागतोच, त्यामुळे ही गोळी त्यांच्यापर्यंतही पोचते. मला स्वतःला यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि डोस का चुकवायचे नाहीत तेही इथंच कळतं. काही जंतूंमध्ये चाकाचा आकारच किंचित बदलतो आणि गोळीला बसायला जागा राहत नाही. काहींमध्ये वेगळंच घडतं, जंतूच्या पडद्यात औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो, एरवी एक प्रथिन त्या पंपाला आवरून धरतं, ते प्रथिन बिघडलं की पंप भरमसाट तयार होतात आणि गोळी आत टिकतच नाही, वर क्लोफॅझिमिन हे दुसरं औषधही त्याच पंपानं बाहेर जातं. म्हणजे एका बिघाडात दोन औषधं गेली. अर्धवट औषध घेतलं की असेच जंतू मागे उरतात आणि वाढतात, मग तेच जंतू पुढे घरातल्या दुसऱ्याला लागतात.

मुंबईतही पेशीतल्या मोटारींवर मोठं काम झालंय. टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटानं डायनीन नावाच्या मोटारीचा अभ्यास केला, ही मोटार पेशीनं गिळलेले कण आतल्या बाजूला ओढून नेते, एकटी कमजोर असते पण अनेक जणी मिळून ओढतात तेव्हा जोर भरपूर होतो. टीबीच्या जंतूला आपल्या पेशी गिळतात तेव्हा त्यालाही असंच आत, नष्ट करायच्या ठिकाणी न्यायचं असतं, आणि जंतू नेमकी तीच प्रक्रिया रोखून धरतो. हे काम आपल्या मुंबईत झालंय हे किती वाचकांना माहीत असेल?

म्हणून विनंती आहे की पुढची बातमी येईल तेव्हा सोबत या मोटारीची एक आकृती छापा, गोळी कुठं बसते ते दाखवा, परिणाम दिसायला वेळ का लागतो ते दोन ओळींत लिहा, आणि गोळी जेवणासोबत घ्यायची, ईसीजी काढायला सांगितला की काढायचाच, हेही तिथंच द्या. आकृती मी आणि माझे विद्यार्थी काढून द्यायला तयार आहोत, मानधन नको, फक्त ती आरोग्याच्या पानावर नीट दिसेल एवढ्या आकारात छापा.

आपली,
एक वाचक, मिरज