सुभ्यास पत्र: ओंकार, कॅस्टिला आणि आपला जुना वाद

प्रिय सुभ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात आणि ती काढायला ती मलाच हाक मारते. माझं बीपी गोळीवर आहे. तब्येतीचं एवढंच. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला 'मुद्द्यावर ये' म्हणतोस, आणि या वेळी मला मुद्द्यापर्यंत सावकाश यायचंय.

आमच्या ओंकारचा फुटबॉल क्लबशी असलेला करार मे अखेरीला संपतो. राखीव संघाचे कोच म्हणतात, अजून एक वर्ष थांब. मुख्य संघाचा कोच त्याच्याशी आजवर एक शब्द बोललेला नाही. दुसरीकडे खेळाडू कोट्यातली नोकरी दारात येऊन उभी आहे. सकाळी सराव, दुपारी टेबल, महिन्याच्या महिन्याला पगार. मंगलचं मत काय असेल ते तुला सांगायला नको. माझं मात्र ठरत नाही. आणि या प्रश्नावर विचारण्यासारखा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, तो म्हणजे तू.

परवा रात्री त्याचा फोन आला. मुख्य संघाचा शनिवारी सामना होता. समोरच्या संघाचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, धिप्पाड, कॉर्नरला जवळच्या पोस्टकडे मुसंडी मारून हेडर मारणारा. त्याचा बंदोबस्त कसा करायचा याचा सराव घ्यायचा, तर त्याच्यासारखा खेळणारा कुणीतरी हवा. म्हणून राखीव संघातून ओंकारला बोलावलं. अंगात सरावाचं पिवळं बिनबाह्यांचं बिब दिलं आणि सांगितलं, तू आज तो नऊ नंबर, तो धावतो तसंच धावायचं. पोरगं धावलं. दोनदा स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बचावपटूनं अडवलं, तिसऱ्या कॉर्नरला यानं डोकं लावलं आणि चेंडू आत. शिट्टी वाजली. कोच आत आला, स्टॉपरचा खांदा धरून त्याला दोन पावलं पुढं सरकवलं आणि म्हणाला, 'पुन्हा.' ओंकारकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मला म्हणाला, "बाबा, गोल मी मारला, पण तो माझा नव्हता. त्या दुसऱ्याचाच होता."

शनिवारी त्या नऊ नंबरला कॉर्नरवर डोकं लावायला मिळालं नाही. ओंकार वर स्टँडमध्ये बसून बघत होता. हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता रे. तक्रार असती तर मी समजूत घातली असती. तो अभिमानच मला लागला.

मग मी नेहमीचं औषध काढलं. म्हटलं, अरे, कॅस्टिलाची, म्हणजे रिअल माद्रिदच्या राखीव संघातली पोरं बघ. ५ फेब्रुवारी १९८४, काडिझच्या मैदानावर रिअल माद्रिद दोन गोलांनी मागे, कोच दि स्टेफानोनं मध्यंतरानंतर राखीव संघातल्या बुत्रागेन्योला उतरवलं, त्यानं दोन गोल मारले आणि माद्रिद ३–२ नं जिंकलं. तुझ्यावरही अशी वेळ येईल. तर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, बुत्रागेन्यो तेव्हा वीस वर्षांचा होता. सांचीस आणि मार्टिन वास्केस तर अठराव्या वर्षी वर गेले. मला जूनमध्ये एकविसावं संपतंय."

सुभ्या, मला उत्तर सुचलं नाही. आपण दोघांनी आयुष्यभर ही गोष्ट सांगितली, पण ज्यांचं नाव झालं त्यांच्या बाजूनंच सांगितली. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं विचार केला, आणि आपला तो वाद पुन्हा आठवला.

हो, तोच. ४ जून १९८०. कोपा देल रेची, म्हणजे स्पॅनिश कपची फायनल, माद्रिदच्याच बर्नाबेऊ मैदानावर, रिअल माद्रिद विरुद्ध कॅस्टिला. तू तालमीच्या कट्ट्यावर पाय हलवत म्हणायचास, 'कप कुणीही जिंको, कपाट एकच!' सगळे हसायचे आणि मी चिडायचो. अजूनही चिडतो. अरे, दुसऱ्या डिव्हिजनमधली ती पोरं फायनलला कशी पोचली ते तू कधी बोललाच नाहीस. एर्क्युलेस, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, रिअल सोसिएदाद, स्पोर्टिंग खिखोन. चारही क्लब पहिल्या डिव्हिजनचे. त्यातली सोसिएदाद तर त्या मोसमात लीगमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत एकही सामना हरली नव्हती. त्यांना या पोरांनी बाहेर काढलं. फायनलमध्ये ६–१ नं हरले, मान्य. समोर ख्वानितो, सांतियाना, देल बोस्के. पण तो एक गोल आल्वारेसच्या नावावर आहे. कुणाची नक्कल करताना मारलेला नाही. हे मला आत्ता, ओंकारच्या फोननंतर कळतंय की मी एवढा का भांडायचो.

आणि त्याच्या पुढचं तर तुला आवडायचंच, खोटं बोलू नकोस. माद्रिदनं लीगही जिंकलेली असल्यामुळे ते युरोपियन कपला गेले आणि कप विनर्स कपची, म्हणजे देशोदेशीच्या कपविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेची जागा आली कॅस्टिलाकडे. राखीव संघ युरोपात! पहिल्याच फेरीत समोर लंडनचा वेस्ट हॅम. तेही तेव्हा दुसऱ्याच डिव्हिजनचे, पण एफए कप जिंकून आलेले. बर्नाबेऊवर कॅस्टिलानं ३–१ नं हरवलं. त्या सामन्यात वेस्ट हॅमच्या पाठीराख्यांनी गोंधळ घातला, म्हणून परतीचा सामना लंडनला बंद दारांआड झाला. त्यांच्या अप्टन पार्क मैदानावर अधिकृत हजेरी २६२. आपले सर हे सांगायचे तेव्हा आवाज खाली आणायचे, आठवतं? त्या रिकाम्या मैदानात खेळाडूंच्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या म्हणे. नव्वद मिनिटांनंतर दोन्ही सामने मिळून बरोबरी, मग जादा वेळेत वेस्ट हॅमनं दोन गोल मारून ५–१ केलं. डेव्हिड क्रॉसची हॅट्ट्रिक. कॅस्टिलाकडून बर्नालचा गोल.

त्यातले वर किती टिकले? गोलकीपर अगुस्तिन, पिनेदा, आणि सगळ्यात मोठा गायेगो, जो १९८२ आणि १९८६ चे विश्वचषक खेळला. बाकीच्यांची नावं आपण सामन्याच्या यादीपलीकडे कधी शोधली नाहीत. मी पूर्वी म्हणायचो, बघ, तीन तरी निघाले की नाही. आता मला त्या बाकीच्यांबद्दल वाटतं. त्यांचं वर्ष वाया गेलं का? माझ्या मते नाही. त्यांनी सोसिएदादला हरवलं. ते कुणाच्या तयारीसाठी खेळत नव्हते, स्वतःचे सामने खेळत होते.

आणि इथेच ओंकारचा पेच आहे. स्पेनमध्ये राखीव संघ खऱ्याखुऱ्या लीगमध्ये असतो. थोराड, पोटासाठी खेळणाऱ्या माणसांशी दर आठवड्याला गाठ. हरलात तर खाली उतरता. १९७२ पर्यंत त्या संघाचं नाव प्लस अल्ट्रा होतं, एका विमा कंपनीच्या लोकांनी काढलेला क्लब, तो माद्रिदनं जोडून घेतला. म्हणजे मुळात तो सराव करून घ्यायला जमवलेला घोळका नव्हता, संघच होता. आपल्याकडे राखीव संघाला वर्षातले थोडेच महिने सामने, तेही बहुतेक बरोबरीच्या पोरांशी, आणि वयाची अट ओंकार आता ओलांडतोय. उरलेले महिने बिब घालून दुसऱ्याची नक्कल.

तू म्हणशील, तिथेही अन्याय आहेच. आहेच. १९८३–८४ ला कॅस्टिला दुसऱ्या डिव्हिजनचा विजेता ठरला, अमान्सिओच्या हाताखाली, मोसमाच्या मध्यात चांगली पोरं वर ओढून नेलेली असताना. दुसरा आला बिल्बाओचा राखीव संघ. दोघांपैकी कुणालाच वर जाता आलं नाही, कारण मुख्य संघ जिथे आहे तिथे राखीव संघाला जागा नाही. खालचे तिघे वर गेले. व्हिलारियलच्या ब संघाचं तर आपण दोघांनी मिळून वाचलं होतं. २०१२ ला मुख्य संघ पहिल्या डिव्हिजनमधून घसरला, आणि गुणतक्त्यात मध्यावर सुखरूप असलेल्या ब संघाला त्यापायी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं. मोठ्या भावानं परीक्षा नापास व्हावी आणि धाकट्याला वर्ग खाली बसवावं, तसं. आणि १९९० नंतर राखीव संघांना कोपातच बंदी झाली, नावंही काढून घेतली. कॅस्टिलाचं झालं रिअल माद्रिद ब. नाव परत यायला पुढं बरीच वर्षं गेली. बंदीची बातमी वाचून तू मला पेढा द्यायला आला होतास, 'नियमानं माझं म्हणणं मान्य केलं' म्हणून. पेढा मी खाल्ला. म्हणणं आजही मान्य नाही.

बरं, राहायचं की जायचं याला कॅस्टिलाकडेही एकच उत्तर नाही. पार्देसा बघ. त्या प्रसिद्ध पाचांतला सगळ्यात कमी बोलला गेलेला. बुत्रागेन्यो, मिचेल, सांचीस, मार्टिन वास्केस माद्रिदमध्ये मोठे झाले, हा सारागोसाला गेला. १९९५ ला सारागोसानं आर्सेनलला हरवून कप विनर्स कप जिंकला तेव्हा कॅप्टन कोण? पार्देसा. कॅस्टिलाची पोरं अप्टन पार्कवर ज्या कपमधून बाहेर पडली, तोच कप. ख्वान माता एकोणिसाव्या वर्षी कॅस्टिला सोडून व्हॅलेन्सियाला गेला, माद्रिदच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नाही, आणि विश्वविजेता झाला. कार्वाखाल कॅस्टिलातून २०१२ ला लेव्हरकुसेनला गेला, वर्षभर दर आठवड्याला खेळला आणि मग माद्रिदनंच त्याला परत आणलं. नाचो मात्र तिथेच थांबला, वर गेला आणि शेवटी कॅप्टन झाला.

म्हणून मी मनाशी असं धरलंय की क्लबला आधी विचारायचं, याला वर्षभर खालच्या डिव्हिजनच्या एखाद्या संघाला लोनवर, म्हणजे तात्पुरता खेळायला, देता का? जिथे याचा गोल याच्या नावावर लागेल, आणि चुकला तर शिव्याही यालाच बसतील. ते 'हो' म्हणाले तर करार वाढवू दे. 'नाही, इथेच थांब' म्हणाले, तर नोकरी. नोकरीच्या संघाची लीग छोटी असेल, मैदान खडबडीत असेल, पण सामना याचा स्वतःचा असेल. मंगलला हे अजून सांगितलेलं नाही. तिला अर्धंच वाक्य ऐकू येईल, शेवटचं.

आता तुझ्याकडे येतो. तू आपल्या फायनलच्या आधी दीड महिना तालमीचा संघ सोडून नोकरीवर रुजू झालास, तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. पप्या आपल्या दोघांच्या मध्ये निरोप्या झाला होता. तू तेव्हा एकदाच म्हणाला होतास, 'अ संघातल्या कुणाला तरी ताप यावा म्हणून मी देवाला हात जोडायला लागलो होतो, म्हणून निघालो.' पुढं त्यावर आपण कधी बोललो नाही. आता मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. नोकरीच्या संघातून पहिला सामना खेळलास तेव्हा कसं वाटलं? आपल्या मैदानाच्या कडेनं बस जायची तेव्हा खिडकीतून बघायचास का? तू सुखी झालास हे मला दिसतं, ते मी विचारत नाही. त्या पहिल्या वर्षाबद्दल विचारतोय.

ओंकारला मी विचारून बघितलं, तुला कधी कुणाला दुखापत व्हावी असं वाटतं का. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'ठेवतो.' आणि फोनच ठेवला.

प्राचीचं स्थळ जमलं म्हणे, पप्याकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख ठरली की लगेच कळव, मी आठ दिवस आधी येऊन मांडवाचं बघतो. तुझा गुडघा कसा आहे? जिन्याचा नाद सोड. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना सांग, त्यांनी पाठवलेलं पुस्तक आईनं नव्या डोळ्यांनी वाचून संपवलं.

एक काम कर. सोमवारी त्यांना सुट्टी असते, दुपारी चारनंतर ओंकारला फोन कर. मी सांगितलंय म्हणू नकोस. लोनचं तर मुळीच काढू नकोस, ते मी बोलेन. तुझं पहिलं वर्ष त्याला सांग, गोड आणि कडू दोन्ही. बुत्रागेन्यो नको. अप्टन पार्क सांगितलंस तर चालेल, पण ६–१ वर माझी बाजू नीट मांड.

आणि मला लिही. फोन नको, लिहीच.

तुझा,
बाळ्या