सतरा दिवसांत बाळंतपण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या नाताळ पुरवणीतील सणांच्या चौकटीत ८ डिसेंबर हा येशूच्या गर्भधारणेचा दिवस असल्याचे छापून आले आहे आणि दोनच ओळींखाली २५ डिसेंबरला त्याचा जन्म झाला आहे. सतरा दिवसांच्या या बाळंतपणाबद्दल आपल्या कार्यालयात कोणालाच शंका येऊ नये, याचे नवल वाटते. ८ डिसेंबरचा सण मरियामातेचा आहे. ती आपल्या आईच्या, म्हणजे संत ॲनाच्या, उदरी आली तो हा दिवस. म्हणूनच तिचा जन्मोत्सव बरोबर नऊ महिन्यांनी ८ सप्टेंबरला येतो आणि त्याला लागून वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरते, जिची छायाचित्रे आपण दरवर्षी हौसेने छापता. येशूसाठी हाच हिशेब २५ मार्चपासून धरतात.

बारा दिवसांच्या त्या प्रसिद्ध इंग्रजी गाण्यातले दिवस नाताळच्या आधीचे, हा आपला शोधही असाच. ते २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत मोजायचे असतात. ६ जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण होतो आणि गोव्यात कासावलीजवळ तीन मुलगे राजवेशात घोड्यांवर बसून टेकडीवरच्या चॅपेलात जातात. हे मला झोंबण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या सोसायटीत जिन्याखाली आम्ही येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडतो आणि बाहेर चांदणी लावतो. गेल्या वर्षी २६ तारखेला सकाळीच सेक्रेटरींनी ती चांदणी उतरवून, वायर नीट गुंडाळून आमच्या दाराशी आणून ठेवली आणि ‘झाला ना तुमचा नाताळ?’ असे अगदी प्रेमाने विचारले. तीन राजे तेव्हा मीटरच्या पेटीपर्यंतच आले होते. आम्ही त्यांना रोज थोडे पुढे सरकवतो आणि ६ तारखेला गोठ्यात पोहोचवतो. हे समजावून सांगितल्यावर सेक्रेटरींनी आपलेच वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले. तेव्हा हीच चौकट दरवर्षी जशीच्या तशी छापली जाते, असे मानायला हरकत नसावी.

‘जिंगल बेल्स’ला चर्चमधील प्राचीन स्तोत्र म्हटले आहे, त्याबद्दल काय बोलावे! १८५७ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या त्या गाण्यात येशू नाही की नाताळ नाही; आहे ती बर्फावरच्या घोडागाडीतली रपेट आणि शेजारी बसलेली एक तरुणी.

जाता जाता आणखी एक. येशूच्या मृत्यूच्या ज्या दिवशी आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासनादेखील होत नाही आणि घरोघरी उपास असतो, त्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर एका पुढाऱ्याच्या हसऱ्या छबीसह ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकतात. जाहिरातीचे पैसे आपण खुशाल घ्यावेत, परंतु मजकूर छापण्यापूर्वी तो आपल्या कार्यालयातील एखाद्या ख्रिस्ती सहकाऱ्याला दाखवावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
वसई