घरशाळा घेणाऱ्या आयांसाठी सूचना

प्रभूच्या नावात सर्व भगिनींना सलाम.

ज्यांची मुलं एनआयओएसमधून (म्हणजे घरी शिकूनही परीक्षा देता येते त्या सरकारी मुक्त शाळा मंडळातून) दहावीला बसणार आहेत, त्यांनी फॉर्म शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हे आजच बघा. बाप्तिस्म्याचं नाव एकीकडे, घरचं दुसरीकडे, असं आपल्यात फार होतं. किमान ५ विषय, त्यात एक भाषा. मराठी घेता येते, जरूर घ्या! नोंदणी ५ वर्षं चालते, तेव्हा एखादा विषय राहिला तर लेकराला रागावू नका.

शनिवारी सकाळी १० वाजता चर्चच्या हॉलमध्ये फॉर्म एकत्र भरू. आधी प्रार्थना. धाकट्यांनाही आणा, त्यांच्याकडून स्तोत्र म्हणून घेऊ. डबा आपापला.